ऑक्टोपसला काही 'वाटतं' का?

पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी होती. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं, खडक उघडे पडलेले आणि त्यांच्या खळग्यांत डबकी साचलेली. अशाच एका डबक्यापाशी मी उकिडवी बसले होते. तळाशी एक शेवाळलेला, खरबरीत दगड दिसत होता. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं की त्या दगडाला डोळा आहे, आडव्या बाहुलीचा, शेळीच्या डोळ्यासारखा. मी जरा पुढे वाकले तसा दगडाचा खरबरीतपणा नाहीसा झाला, करडा रंग विटकरी झाला आणि मूठभर आकाराचा एक ऑक्टोपस कपारीच्या कडेला सरकला. पळून मात्र गेला नाही. थोड्या वेळाने त्याने एक हात लांब केला, माझ्या रबरी चपलेची कड टोकाने चाचपली आणि हात परत ओढून घेतला.

मला त्या क्षणी खूप काही वाटलं. त्याला माझ्याबद्दल काही वाटलं का? मुळात त्याला काही 'वाटतं' का?

हा प्रश्न आता नुसत्या कुतूहलाचा राहिलेला नाही. स्पेनच्या कॅनरी बेटांवर ऑक्टोपसचं संगोपन करून वर्षाला सुमारे ३,००० टन मांस काढण्याचा प्रस्ताव एका कंपनीने मांडला. म्हणजे दरवर्षी जवळपास दहा लाख प्राणी. त्याच्या अगदी उलट, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये असं ऑक्टोपसपालन कायद्याने बंद केलं. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसला 'संवेदनशील प्राणी' म्हटलं. तिसऱ्यांसारखे शिंपले आणि गोगलगायी यांच्या गोतावळ्यातल्या एका प्राण्यासाठी कायदेमंडळं का बसतात, हे समजून घ्यायचं तर सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

## हुशारी वेगळी, वाटणं वेगळं

ऑक्टोपसच्या हुशारीचे किस्से बहुतेकांनी ऐकलेले असतात. न्यूझीलंडमध्ये नेपियर इथल्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या झाकणाच्या फटीतून बाहेर पडला, फरशीवरून सरपटत सांडपाण्याच्या नळीपर्यंत गेला आणि तिच्यातून थेट समुद्रात उतरला. ही २०१६ ची गोष्ट. इंडोनेशियात एका जातीचे ऑक्टोपस माणसांनी फेकलेल्या करवंट्या गोळा करतात, पोटाशी धरून समुद्रतळावरून चालत नेतात आणि गरज पडली की दोन करवंट्या जोडून आत लपतात. २००९ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. झाकण फिरवून बरणी उघडणं तर त्यांना सहज जमतं.

हे सगळं खरं आहे, पण त्यातून त्याला काही वाटतं हे सिद्ध होत नाही. आपला मोबाईलच बघा. बॅटरी संपत आली की तो लाल खूण दाखवतो, प्रकाश कमी करतो, चार्जर लावायला सांगतो. तरी त्याला भूक लागलीय असं आपण म्हणत नाही. बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणाऱ्या संगणकाला जिंकल्याचा आनंद होत नाही. याच्या उलट तान्हं बाळ घ्या. त्याला ना बरणी उघडता येते ना मान धरता येते. पण पोटात दुखलं की त्याला जे होतं, ते मोबाईलला कधीच होत नाही.

शास्त्रज्ञ याला जाणीव म्हणतात. मराठीत त्यासाठी 'वाटणं' हे नेमकं क्रियापद आहे. थंडी वाटते, भीती वाटते, बरं वाटतं. ज्याला असं काहीही वाटू शकतं, त्याला जाणीव आहे. 'मी कोण' हा विचार त्याच्या मनात येतो की नाही, ही फार पुढची गोष्ट. ऑक्टोपस तत्त्वज्ञ आहे असं कुणी म्हणत नाही. त्याला आतून काही होतं का, एवढाच प्रश्न आहे.

## साठ कोटी वर्षांचं अंतर

माकडाला किंवा कुत्र्याला दुखतं हे मान्य करायला आपल्याला जड जात नाही, कारण ते आपल्याच घरातले आहेत. मेंदूची घडण तीच, फक्त खोल्या लहान-मोठ्या. ऑक्टोपसचं तसं नाही.

त्याचा आणि आपला शेवटचा सामाईक पूर्वज साधारण साठ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. हा काळ चोवीस तासांत बसवू. तो पूर्वज काल मध्यरात्री बारा वाजता जिवंत होता आणि आत्ता पुन्हा मध्यरात्रीचे बारा वाजलेत असं धरा. पक्ष्यांची वाट आपल्या वाटेपासून फुटली ती आज सकाळी अकराच्या सुमारास. चिंपांझी आपल्यापासून वेगळा झाला तो अवघ्या पंधरा मिनिटांपूर्वी. ऑक्टोपस मात्र सुरुवातीलाच दुसऱ्या रस्त्याने गेला. तो पूर्वज बहुधा एक बारीकसा किडा होता. थोड्याशा चेतापेशी, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशी, आणि फार तर उजेड-अंधार कळणारे ठिपके, एवढंच त्याच्याकडे होतं. ज्याला मेंदू म्हणावं असं काही नव्हतं.

तिथून पुढे ऑक्टोपसच्या बाजूला तिसऱ्या, कालवं, गोगलगायी, माकूल अशी मंडळी निपजली. काही समुद्री गोगलगायींचं सगळं आयुष्य २०,००० च्या आसपास चेतापेशींवर निभावतं. त्याच कुळातल्या ऑक्टोपसकडे सुमारे ५० कोटी आहेत. उंदराच्या जातीतल्या घुशीएवढ्या रॅटकडे २० कोटी असतात, माणसाकडे ८,६०० कोटी.

मेंदू दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडला, हे डोळ्यात सर्वांत स्वच्छ दिसतं. आपल्यासारखाच ऑक्टोपसचा डोळाही कॅमेऱ्याच्या धर्तीचा आहे: पुढे भिंग, मागे पडदा. पण आपल्या डोळ्यात पडद्याच्या तारा समोरच्या बाजूने जोडलेल्या असतात. त्या बाहेर काढायला पडद्यात भोक ठेवावं लागतं आणि तेवढ्या जागी आपल्याला दिसत नाही. ऑक्टोपसच्या तारा मागून निघतात, त्यामुळे त्याला हा अंधबिंदू नाही. दोन गवंडी कधी भेटले नाहीत, दोघांनी एकाच सोयीची खोली बांधली आणि एकाचं वायरिंग जास्त सुबक झालं. (एवढा चांगला डोळा असून बहुतेक ऑक्टोपसांना रंग ओळखता येत नसावेत, कारण त्यांच्या डोळ्यात रंगद्रव्याचा एकच प्रकार आहे. तरीही ते भोवतालाशी इतके बेमालूम मिसळतात. मला याचं नवल अजून ओसरलेलं नाही.)

म्हणूनच ऑक्टोपस इतका मोलाचा आहे. त्याला काही वाटत असेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर वाटण्याची सुरुवात त्या इवल्या किड्यापासूनच झाली असेल, नाहीतर निसर्गात ती किमान दोनदा स्वतंत्रपणे झाली असेल. मला दुसरी शक्यता जास्त पटते. जी गोष्ट दोनदा घडते ती तिसऱ्यांदाही घडू शकते, आणि मग मधमाशा-खेकड्यांचाही विचार करावा लागतो.

## मालक एक, मुकादम आठ

ऑक्टोपसचा मुख्य मेंदू मेदुवड्यासारखा असतो. मधे भोक, आणि त्यातून अन्ननलिका जाते. पण त्याच्या चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश या मेंदूत नसून हातांत असतात. हातावरचा प्रत्येक चोषक स्पर्श करतो आणि चवही घेतो. माझी चप्पल चाचपली तेव्हा त्याने ती चाखूनही पाहिली असणार.

ऊसतोडीच्या वेळी शेतमालक मुकादमाला एवढंच सांगतो, 'हा फड परवापर्यंत रिकामा कर.' कोण कुठल्या सरीला लागणार, मोळ्या कोण बांधणार, हे मुकादम बघतो. ऑक्टोपसचं बरंचसं काम असंच चालतं. कपारीत खेकडा आहे एवढं वरून कळलं की तो कसा शोधायचा, कुठे वळायचं हे हात आपलं आपण ठरवतो. मेंदूशी संबंध तुटलेला हातसुद्धा उत्तेजित केला तर नेहमीच्या पद्धतीने लांब होतो, हे जेरुसलेममधल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं.

मग जाणीव एक की नऊ? या प्रश्नावर भले भले अडखळतात. पण मुकादम पूर्ण मोकाट नाहीत. २०११ मध्ये ऑक्टोपससमोर पारदर्शक नळ्यांचा एक चक्रव्यूह ठेवला होता. एकच हात आत घालता येत होता, आणि वाटेत तो पाण्याबाहेर येत असल्याने चव घेत पुढे जाणं शक्य नव्हतं. खाऊ कुठल्या कप्प्यात आहे हे फक्त डोळ्यांना दिसत होतं. तरीही डोळ्यांनी बघून हाताला वाट दाखवायला ते शिकले. आपल्या श्वासाशी याची तुलना मला जवळची वाटते. श्वास आपोआप चालतो, पण मनात आणलं तर रोखताही येतो. कदाचित ऑक्टोपसला त्याचे हात तसे असतील: अर्धे आपले, अर्धे आपल्याआप.

## लागणं आणि दुखणं

आता मुद्द्याचा भाग. इथेही मराठी मदतीला येते. 'लागलं' आणि 'दुखतंय' हे आपण वेगवेगळं म्हणतो. खेळायच्या नादात मुलाचा गुडघा फुटतो, म्हणजे त्याला लागतं. पण ते त्याला घरी आल्यावर, रक्त दिसल्यावर दुखायला लागतं. चटका बसला की हात आधी मागे येतो, कळ नंतर जाणवते. हात मागे घेणं हे लागण्याचं काम आहे. त्याला मेंदूची फारशी गरज नसते आणि अगदी साध्या जिवांतही ते असतं. त्यामुळे डिवचल्यावर ऑक्टोपस हात आखडतो, एवढ्यावरून त्याला दुखतं असं म्हणता येत नाही.

दुखणं ओळखायचं कसं? डॉक्टरने सुई टोचल्यावर लहान मूल काय करतं ते आठवा. त्या क्षणी रडतं हा भाग सोडा. पुढच्या आठवड्यात त्या दवाखान्याच्या गल्लीत शिरायलाच ते तयार नसतं. सुई नाही, डॉक्टर नाही, तरी ती जागाच नकोशी होते. टोचलेल्या जागी ते हात फिरवत राहतं. आणि कळ थांबवणारं कुणी भेटलं की त्याला बिलगतं.

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या संशोधक रॉबिन क्रूक यांनी २०२१ मध्ये नेमका हाच प्रयोग छोट्या जातीच्या ऑक्टोपसांवर केला. भिंतींवर वेगवेगळी नक्षी असलेले कप्पे त्यांना दिले आणि कुठला कप्पा कुणाला आवडतो याची नोंद घेतली. मग काहींच्या हातात व्हिनेगरला आंबटपणा देणारं आम्ल अगदी थोडं टोचून त्यांना त्यांच्या आवडत्या कप्प्यात ठेवलं. बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. पुढे मोकळीक दिल्यावर आम्ल टोचलेल्यांनी तो आवडता कप्पा टाळला. मिठाच्या पाण्यावाल्यांना काही फरक पडला नाही.

आम्ल टोचलेल्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी वाचताना मला थांबावं लागलं. टोचलेल्या जागेची कातडी त्यांनी आपल्या चोचीने कुरतडून काढली, जणू तिथे रुतलेलं काहीतरी उपटायचं होतं.

प्रयोगाचा पुढचा भाग जास्त बोलका आहे. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते लिडोकेन आम्ल टोचलेल्या जागी दिलं, तेव्हा ज्या कप्प्यात आराम पडला तो कप्पा त्यांना आवडू लागला. ज्यांना आम्ल टोचलंच नव्हतं त्यांना लिडोकेनने कुठलाच कप्पा जास्त आवडला नाही. म्हणजे औषधाची नशा वगैरे काही नव्हती. काहीतरी नकोसं चाललेलं होतं, ते थांबलं, आणि थांबल्याची जागा लक्षात राहिली. आतली एखादी अवस्था 'वाईट' आणि तिचं जाणं 'बरं' असल्याशिवाय हे घडतं असं मानणं मला तरी कठीण जातं.

## 'आपणच आपलं मन त्याच्यावर लादतोय'

हा आक्षेप रास्त आहे. ढगात हत्ती दिसतो तसं आपल्याला प्राण्यांत माणूस दिसतो. सिॲटलच्या मत्स्यालयात एक माणूस रोज ऑक्टोपसांना खाऊ घालायचा आणि तसेच कपडे घातलेला दुसरा काठीने डिवचायचा. दोन आठवड्यांत ते दोघांना वेगळं ओळखू लागले. 'त्यांना राग आला होता' असं आपण पटकन म्हणतो. प्रयोग मात्र ओळखण्याबद्दल सांगतो, रागाबद्दल सांगत नाही. झोपेचंही तसंच आहे. ओकिनावातल्या संशोधकांना २०२३ मध्ये दिसलं की झोपलेला ऑक्टोपस तासाभराने मिनिटभरासाठी चुळबुळतो आणि जागेपणी उमटतात तशी नक्षी त्याच्या कातडीवर सरकते. ही स्वप्नंच आहेत असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

पण चूक दुसऱ्या बाजूनेही होते, आणि ती जास्त महाग पडते. ॲरिस्टॉटलने ऑक्टोपसला मूर्ख म्हटलं होतं, का तर पाण्यात हात घातला की तो जवळ येतो. माझ्या चपलेजवळ येणारा तो हात आठवला की मूर्ख हा शब्द मला पटत नाही.

त्याहून जवळचं उदाहरण माणसाच्याच बाळाचं आहे. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, अनेक ठिकाणी पुरेशी वेदनाशामक भूल न देता शस्त्रक्रिया होत. त्यांचा मेंदू कच्चा आहे, त्यांना दुखत नाही, रडणं ही नुसती प्रतिक्रिया आहे, असं समजलं जाई. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये असताना १९८७ मध्ये दाखवलं की भुलीसोबत वेदनाशामक दिलेल्या अशा बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही घटते. त्या डॉक्टरांचं मन क्रूर नव्हतं. पुरावा नाही म्हणून वेदनाही नाही, असं त्यांनी धरलं होतं. सांगू न शकणाऱ्या जिवाच्या बाबतीत असं धरताना आपण किती चुकू शकतो, हे तिथे आपल्याच लेकरांनी सोसलं.

## मग झाडांनाही दुखतं का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि जगदीशचंद्र बोस यांचं नाव घेऊन येतो. वनस्पती विजेच्या संदेशांनी प्रतिसाद देतात हे बोस यांनी दाखवलं, ते बरोबर आहे. लाजाळूला भूल दिली तर तीही पानं मिटायची थांबते. पण हे सगळं लागण्याच्या बाजूला आहे. वेगवेगळ्या गरजा एका ठिकाणी आणून तोलणारी यंत्रणा झाडात सापडलेली नाही.

तोलणं म्हणजे काय? दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे खेकडे आपल्या किनाऱ्यावरही भरपूर दिसतात. बेलफास्टचे संशोधक रॉबर्ट एलवूड यांनी अशा खेकड्यांना शंखातच विजेचे हलके झटके दिले. नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे सहज बाहेर पडले. आवडता शंख मिळालेले मात्र झटके सोसत आत टिकून राहिले. यांत्रिक प्रतिक्रिया असती तर दोघे सारखेच वागले असते. इथे घर आणि कळ यांचा हिशोब झाला.

भाजी आणि बसचं तिकीट यांची तुलना आपण रुपयामुळे करू शकतो. भूक, भीती, निवारा, कळ यांची तुलना करायला जिवालाही असं एखादं चलन लागत असावं, आणि ते चलन म्हणजेच 'बरं-वाईट वाटणं', असं एक मत आहे. फिरून अन्न शोधणाऱ्या, क्षणोक्षणी निर्णय घेणाऱ्या प्राण्यालाच त्याची गरज. एका जागी मुळं रोवलेल्या झाडाला ते कशाला लागेल?

## इतक्या छोट्या आयुष्याला एवढा मेंदू?

ऑक्टोपसच्या पूर्वजांना शंख होता. तो गेला आणि अंग उघडं पडलं. दात असलेल्या प्रत्येकासाठी मऊ मांसाचा गोळा. तेव्हापासून लपणं, फसवणं, पटकन शिकणं यावरच जगायचं. शंख न सोडलेला त्यांचा नातलग नॉटिलस वीसेक वर्षं जगतो, साध्या मेंदूवर निवांत. साधा ऑक्टोपस जगतो जेमतेम दीड-दोन वर्षं. त्याला शिकवायला कुणी नसतं. प्रत्येक पिल्लू शून्यातून सगळं शिकतं आणि ते ज्ञान घेऊन मरतं.

मादी एकदाच अंडी घालते. मग कपारीत बसून त्यांच्यावर पाणी सोडत राहते, ती पुसत राहते, खाणं बंद करते आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमारास संपते. कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात एक मादी २००७ ते २०११ अशी ५३ महिने एकाच कड्यावर अंड्यांपाशी दिसत राहिली. हे सगळं घडवून आणणारी ग्रंथी डोळ्यांमागे असते. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी काही माद्यांची ती ग्रंथी काढली, तर त्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला सुरुवात केली आणि त्या जास्त जगल्या. आईपणाची किल्ली एका इवल्या ग्रंथीत असावी, हे वाचून मी बराच वेळ गप्प होते.

## कायदा काय म्हणतो, ताटात काय पडतं

ब्रिटिश सरकारसाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या जोनाथन बर्च यांच्या गटाने ३०० हून अधिक संशोधनं तपासली आणि ऑक्टोपसच्या बाजूने पुरावा अतिशय भक्कम असल्याचं सांगितलं. त्यानंतरच २०२२ च्या कायद्यात त्याचा समावेश झाला. तो कायदा ऑक्टोपस खाणं बंद करत नाही. धोरण ठरवताना या प्राण्याच्या हिताचा विचार करा, एवढंच सांगतो.

आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. त्यात ऑक्टोपस आणि माकूलही येतात. अन्नासाठी मारण्याला मुभा आहे, अनावश्यक यातना न देण्याच्या अटीवर. त्या अटीचा समुद्रातल्या या जिवांच्या बाबतीत अर्थ काय, यावर आपल्याकडे अजून नीट बोलणंच सुरू झालेलं नाही.

मी मासे खाते आणि कोळीवाड्यातल्या चुलीवरच्या माकूल मसाल्याला नावं ठेवणार नाही. पण कॅनरी बेटांवरच्या योजनेत ऑक्टोपस हजारोंनी टाक्यांत ठेवायचे आणि गोठणबिंदूच्या खाली नेलेल्या पाण्यात मारायचे असं होतं. एकटं राहणारा, कपारी धुंडाळणारा, वेदनेची जागा लक्षात ठेवणारा प्राणी आयुष्यभर उघड्या टाकीत. याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्यासाठी त्याच्या मनाचा शंभर टक्के पुरावा हातात येईपर्यंत थांबायची गरज मला वाटत नाही.

ओहोटीला किनाऱ्यावर जाणार असाल तर एक सांगते. डबक्यातले दगड उलटू नका. उलटलाच तर ज्या बाजूने होता त्याच बाजूने, अगदी हळू, परत ठेवा. एखाद्याच्या खालच्या अंगाला तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी लटकलेली असतात, आणि शेजारच्या सांदीत कित्येक दिवसांची उपाशी मादी बसलेली असते. दगड हलला तरी ती बहुधा तिथून जात नाही.